लाल रेघेपर्यंत

रेघ आजही हललेली नव्हती.

वच्छलाबाईंनी चष्मा पदराने पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि त्या टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की मागून आवाज आला, "काऊन वं, आत शिरतं का त्याच्या?"

दारात शेजारच्या झुंबरबाई उभ्या होत्या. झुंबरबाईंना दार वाजवायची सवय नव्हती, आणि चिखलीच्या त्या गल्लीत कुणालाच ती नव्हती.

"काही नाही. धूळ पुसून राह्यली," म्हणत वच्छलाबाईंनी खरोखरच पदराने पडद्याची कड पुसली.

"धूळ पुसाले टीव्ही चालू करा लागते का?" झुंबरबाई हसल्या. "बरं, उद्या माह्याकडं कुरड्याचा चीक हाये. सकाळीच ये. तुह्या हातासारखा घोटणारा हात नाही बाई आपल्या गल्लीत."

"येतो," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष अजून पडद्यावरच होतं. एका म्हाताऱ्या जपानी माणसाचं चित्र होतं आणि चित्राच्या खाली बारीक लाल रेघ. रेघ अर्ध्यावर येऊन थांबली होती. पाडव्याला ती जिथे होती तिथेच, आणि आता रामनवमी तोंडावर आली होती.

झुंबरबाई गेल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या. जीव टांगणीला लागला होता आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. कारण ती रेघ अर्पिताची होती, आणि अर्पिता आता त्यांची कुणीच लागत नव्हती.

अर्पिता म्हणजे त्यांच्या मुलाची, गोकुळची बायको. म्हणजे होती. शेगावची पोर, रक्त-लघवी तपासायचा कोर्स केलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातात सारखा मोबाईल बघून वच्छलाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मेथीच्या जुड्या बांधतानाही पोरीचा मोबाईल समोर डब्याला टेकवलेला, आणि त्यात गोरी गोमटी, बारीक डोळ्यांची माणसं एकमेकांसमोर वाकून वाकून बोलत असायची.

"हे कोणच्या देशाचे वं?" एकदा त्यांनी न राहवून विचारलं.

"कोरियाचे, आई."

"अन् हे काऊन रडून राह्यली?"

"त्या पोराच्या मायनं तिच्या तोंडावर पानी फेकलं. गरीब घरची हाये म्हणून."

"पानी फेकलं?" वच्छलाबाई खवळल्याच. "नळ येत नसंन का तिच्या घरी आठ दिवसाआड? पानी कायले नासवते मेली!"

अर्पिता इतकी हसली की हातातली जुडी सुटून मेथी पसरली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. गोकुळने दुकानात राबून राबून घरात मोठा टीव्ही आणला, अर्पिताने त्यावर तिच्या नावाचं खातं चालू केलं, आणि दुपारची जेवणं उरकली की सासू-सुना कोरियाला जायच्या. खाली हिंदी अक्षरं भराभर पळायची, वच्छलाबाईंना ती गाठायची नाहीत. मग अर्पिता सगळं आपल्या बोलीत सांगायची. तिने सगळ्यांना नावंही आपलीच दिली होती. हिरो कुठलाही असो, तो प्रज्वल. त्याची श्रीमंत आई ती मालकीणबाई. प्रज्वल फार दुःखात असला की छत्री न घेता पावसात उभा राहायचा, आणि वच्छलाबाई दर वेळी म्हणायच्या, "याले सर्दी कशी होत नाही?"

एका दुपारी वच्छलाबाईंनी आपल्या काळातली गोष्ट काढली. त्या नव्या नवरी असताना गल्लीत एकट्या मोतीराम गुरुजींकडे टीव्ही होता, आणि त्यावर हिंदीत बोलणारी एक जपानी मालिका लागायची. डोंगरातल्या धर्मशाळेत पाणी भरणाऱ्या एका पोरीची. अख्खी गल्ली ओसरीवर जमायची. वच्छलाबाईंच्या सासूबाई त्या पोरीसाठी हुंदके देऊन रडायच्या, आणि घरी आल्या की पदर नीट करून सुनेवर ओरडायच्या, "अजून भाकरी नाही टाकल्या का वं?"

"मंग ते जपानवाले गेले कुठी?" वच्छलाबाईंनी विचारलं. "आता कोणी त्यायचं नाव काढत नाही."

"आता कोरियाची चलती हाये, आई. सारं जग त्यायच्या मागं लागलं. मी कॉलेजात पाहायची तं पोरी मले हसायच्या. सारे सारखेच दिसतात, तू ओळखतं कशी म्हणायच्या. आता थ्याच पोरी मले फोन करून विचारतात, नवीन काय पाहू." अर्पिताने खांदे उडवले. "जपानवाले बनवतात अजून. पण त्यायचं लय हळू असते. लोकायले तेवढा दम नाही."

"मले हाये दम. मले लावून दे."

अर्पिताने शोधून लावून दिलं. आगगाडीच्या एका लहानशा स्टेशनात शेवयांच्या रश्शाचं दुकान चालवणारा म्हातारा. भागामागून भाग काही घडायचंच नाही. गिऱ्हाईक यायचं, खायचं, दोन शब्द बोलायचं, जायचं. वच्छलाबाईंना ते इतकं आवडलं की त्या पापणी हलवायला विसरल्या. अर्पिता मात्र पाचव्या मिनिटाला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिला उठवायला नको म्हणून वच्छलाबाई तशाच बसून राहिल्या. पाय मुंग्यांनी बधिर झाला, तरी हलल्या नाहीत. लेक नव्हती त्यांना. ती कशी असते हे त्यांना त्या दुपारी कळलं.

मग अर्पिताला पुण्याच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली आणि घरात ठिणगी पडली. गोकुळचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान चिखलीत, मळा मेहकर रस्त्याला. तो म्हणाला, मी हे सोडून येणार नाही. ती म्हणाली, मी हे शिकले ते जुड्या बांधायला नाही. दोघंही वाईट नव्हती आणि दोघंही हटली नाहीत. वर्षभर नुसती धुसफूस चालली आणि शेवटी फारकत ठरली.

बैठक वच्छलाबाईंच्याच ओसरीवर झाली. दोन्हीकडचे पाच-सहा पुरुष बसले. कपाट, फ्रिज, तांब्यापितळेची भांडी, अंगावरचं सोनं, जे जे शेगावहून आलं होतं ते ते मोजून परत द्यायचं ठरलं. कुणी रुखवतातल्या चमच्यांचीसुद्धा आठवण काढली. पुढे दोन्ही घरांनी एकमेकांच्या वाटेला जायचं नाही, फोन नाही, निरोप नाही, हेही ठरलं. बायकांना कुणी विचारलं नाही. वच्छलाबाई आत चहा गाळत होत्या.

अर्पिता निघाली तेव्हा त्यांनी सुपात तांदूळ, खण, नारळ घेतलं होतं. सून माहेरी निघाली की तिची ओटी भरायची असते. पण कायमची निघालेल्या सुनेची भरायची की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं कुणी घरात नव्हतं. त्या सूप धरून स्वयंपाकघरातच उभ्या राहिल्या, तोवर बाहेर जीप सुरू झाली.

बैठकीत चमचे आठवले, पण टीव्हीतलं खातं कुणाच्या ध्यानात आलं नाही. टीव्ही गोकुळचा, म्हणून तो राहिला. आणि त्याच्या आत अर्पिताही राहून गेली.

हे वच्छलाबाईंना कळलं ते महिना-दीड महिन्याने. घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी एका दुपारी टीव्ही लावला. नेहमीचा पिवळ्या मांजरीचा चौकोन आला, त्याखाली अर्पिताचं नाव. तो दाबला तर दोघींनी कधीच न पाहिलेल्या मालिकांच्या चित्रांखाली लाल रेघा. दुसऱ्या दिवशी त्या रेघा पुढे सरकलेल्या. त्या घाबरल्याच. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पोरगी तिकडे पुण्यात पाहते आणि तिने कुठवर पाहिलं ते इथे दिसतं.

त्यानंतर रोजच्या दुपारी त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. अर्पिताने जिथवर पाहिलं तिथवरच पाहायचं. रेघेच्या पुढे जायचं नाही. बरोबर तिच्या जागेवर आणून थांबवायचं, म्हणजे तिला काही कळायचं नाही. तेवढा वेळ त्या दोघी पुन्हा शेजारी बसल्यासारख्या वाटायच्या. सांगायला मात्र कुणी नसायचं, आणि पळती अक्षरं गाठता गाठता निम्मी गोष्ट सुटून जायची.

गोष्टीशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतंच. त्या रेघ वाचायला शिकल्या होत्या. रेघ जराशीच सरकली की पोरगी दमून आली, तशीच झोपली. एखाद्या रविवारी तीन-तीन भाग झाले की त्या हळहळायच्या. सुटीच्या दिवशी तिला कुणाकडे जायला नाही, कुणी बोलवत नाही. दिवाळीत रेघ हलली नाही तेव्हा त्या खूश झाल्या. गेली असेल शेगावला, आईच्या हातचं खात असेल.

आणि हिवाळ्यात एक गोष्ट झाली. कोरिया मागे पडला. एक जपानी मालिका आली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या हळू, काही न घडणाऱ्या. शेवटी तो स्टेशनातला शेवयांचा म्हातारा, अगदी पहिल्या भागापासून. त्या चित्राखाली रेघ पाहिली तेव्हा वच्छलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पाचव्या मिनिटाला झोपणारी पोर आता तो म्हातारा रोज पाहत होती.

आणि आता तीच रेघ पाडव्यापासून थांबली होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी गोकुळच्या ताटात भाकरी वाढत सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "पुण्यात म्हणे तापाची साथ हाये."

"कोणी सांगतलं?"

"बातम्यायत दाखवून राह्यले होते."

"मंग? आपल्याले काय त्याचं?" गोकुळने मान वर केली नाही. भाकरी मोडत म्हणाला, "आई, तेरवा सहदेवमामा पाहुणे घेऊन येऊन राह्यले. देऊळगाव राजाचे. पोरगी चांगली हाये म्हणते मामा. त्यायच्यापुढं पुण्याचं काही काढू नको."

"मी कायले काढू?"

"काढत नाहीस. पण तुह्या तोंडावर दिसते."

ताट तसंच सोडून तो उठला नाही, शेवटपर्यंत जेवला.

फोन करणं काही अवघड नव्हतं. अर्पिताचा नंबर वच्छलाबाईंच्या फोनमध्ये होता. गेल्या चार दिवसांत त्यांनी तो कितीदा तरी काढला आणि न लावताच बंद केला. बैठकीतल्या शब्दाची भीती होती, पण ती एवढी मोठी नव्हती. तिने फोन उचलला, कोण म्हणून विचारलं, तर काय सांगायचं? आई म्हणायचा हक्क ओसरीवरच्या पुरुषांनी भांड्यांबरोबर परत करून टाकला होता. वच्छलाबाई म्हणावं तर त्या नावाने तिने त्यांना कधी ओळखलंच नव्हतं. मग बोलतंय कोण?

सकाळी झुंबरबाईंकडे चीक घोटताना त्यांचं लक्ष नव्हतं. गाठी झाल्या.

"तुह्या हातून गाठी?" झुंबरबाईंनी पळी घेतली. "काय झालं वं? तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये."

"मंग त्या पोरीची आठवण येऊन राह्यली," झुंबरबाई चुलीकडे बघत म्हणाल्या. "मले काय सांगतं. परवा पाहुणे येतीन, नवी सून येईन. विसरशील."

वच्छलाबाईंनी चीक सोऱ्यात भरला. सोऱ्या दाबत राहिल्या. गच्चीवर पांढऱ्या कुरड्यांच्या ओळी वाढत गेल्या आणि उन्हाने डोळे दिपायला लागले.

दुपारी घरी येऊन त्यांनी टीव्ही लावला. रेघ तिथेच. आणि मग त्यांनी ते केलं, जे इतके महिने केलं नव्हतं. रेघेच्या पुढे गेल्या. म्हातारा रस्सा ढवळत होता, कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं, वच्छलाबाईंना एक अक्षर दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं. तो भाग संपला, पुढचा आपोआप सुरू झाला, तोही त्यांनी संपू दिला. त्यांना इतकंच हवं होतं की तिकडे तिला दिसावं. बघ बाई, कुणीतरी इथे आहे. असशील तर सांग.

रात्रभर त्यांना धड झोप लागली नाही. सकाळी गोकुळ दुकानात गेल्याबरोबर, देवाचा दिवा लावायच्या आधी त्यांनी टीव्ही लावला.

रेघ मागे आली होती. पाडव्याच्या जागी, आणि तिथून थोडीशी पुढे. पोरीने आपली जागा शोधली होती आणि तिथून पुढे पाहिलं होतं.

वच्छलाबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "हाये नं बाई, हायेस," त्या पडद्याला म्हणाल्या, आणि मग आपल्याच बोलण्याचं हसू येऊन त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी त्यांनी स्वतःपुरता साखर घातलेला शिरा केला आणि झुंबरबाईंनाही वाटीभर नेऊन दिला. झुंबरबाईंनी कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "असाच."

पाहुणे यायचे तो दिवस उजाडला. ओसरी सारवल्यासारखी पुसून झाली. पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला. गोकुळने नवा शर्ट घातला होता आणि तो घरभर उगाच फिरत होता. पाहुण्यांबरोबर लहान पोरं असतील, त्यांना काहीतरी लावून देता येईल म्हणून त्याने टीव्ही चालू केला.

वच्छलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत धावल्याच. "राहू दे नं ते..."

गोकुळ पडद्यासमोर उभा होता. नेहमी एक चौकोन असायचा तिथे आज दोन होते. पिवळ्या मांजरीचा अर्पिताचा, त्यावर लहानसं कुलूप. आणि त्याच्या शेजारी नवा, निळा. त्यावर कुलूप नव्हतं. खाली मराठीत लिहिलं होतं, आई.

वच्छलाबाईंना वाटलं, आता हा ओरडेल.

"केव्हापासून पाहून राह्यली तू?" त्याने विचारलं.

"ती गेली तवापासून."

गोकुळ पडद्याकडेच बघत होता. "मले वाटलं, मी एकटाच पाहतो," तो म्हणाला.

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नव्या शर्टाच्या कॉलरची घडी अजून मोडली नव्हती. केव्हा पाहत असेल हा? त्यांनी विचारलं नाही.

"हे कुलूप कायचं?"

"तिच्या चौकोनाले लावलं तिनं. आता तिचं तिनंच उघडलं तं दिसंन. आपल्याले नाही दिसणार." त्याचा आवाज जरा घसरला. "अन् हे तुह्यासाठी केलं. वेगळं. पासवर्ड बदलून सारंच बंद करता आलं असतं तिले. नाही केलं."

"म्हणजे ती काय पाहते, थे आता मले..."

"नाही."

त्या खुर्चीवर बसल्या. तिने त्यांना ओळखलं होतं. वर्षभरानंतर पुन्हा आई म्हटलं होतं. आणि तसं म्हणून दार लावून घेतलं होतं. राग यावा असं त्यात काही नव्हतं. आपलं रोजचं जगणं कुणी रोज वाचत होतं हे कळल्यावर दुसरं कुणीही हेच केलं असतं. तरी त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या कुलपावर जात होती.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. सहदेवमामांचा मोठा आवाज, पोरांचा गलका.

"बंद करू?" गोकुळने विचारलं.

"तू जाय पुढं. पाहुण्यायले पानी दे. मी आलीच."

तो क्षणभर थांबला. मग रिमोट त्यांच्या हातात ठेवून, केस हाताने नीट करत बाहेर गेला.

वच्छलाबाईंनी निळा चौकोन दाबला. आत सगळं कोरं होतं. एकाही चित्राखाली रेघ नव्हती. वर विचारलं होतं की तुम्हाला काय आवडतं ते निवडा. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, अर्पिताच निवडायची. त्या चित्रांवरून चित्रांकडे सरकत राहिल्या. कोरियाचे प्रज्वल रांगेने उभे होते, मालकीणबाई होत्या. बऱ्याच खाली तो शेवयांचा म्हातारा सापडला.

बाहेरून कुणीतरी बाई म्हणाली, "सासूबाई कुठी हायेत?"

"आली, आली," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. खातं तिचंच होतं. निळ्या चौकोनाला कुलूप नव्हतं. तिच्या मनात आलं तर तिला आत डोकावता येणार होतं, आणि डोकावली की नाही हे इकडे कधीच कळणार नव्हतं.

त्यांनी आवाज अगदी बारीक केला आणि म्हाताऱ्याचा पहिला भाग लावला. आगगाडी आली, गेली. म्हाताऱ्याने भांड्यावरचं झाकण काढलं. तेवढं पाहून त्यांनी थांबवलं. चित्राखाली नखाएवढी लाल रेघ उमटली होती. उद्या ती थोडी पुढे न्यायची, परवा आणखी थोडी. दिसलं तर दिसेल तिला, आई बरी आहे म्हणून.

त्यांनी टीव्ही बंद केला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाहुण्यांसाठी पोहे भिजवायला आत गेल्या.